बसलं म्हणजे बरोबर

आबांनी गावाला जायचं ठरवलं तेव्हा मला त्यांचा राग आला. मला राग आला की मी एकतर भांडते, नाहीतर काहीतरी विकत आणते. आबांशी भांडण्यात अर्थ नसतो. ते सगळं ऐकून घेतात आणि सुपारी कातरत गॅलरीत जाऊन बसतात. म्हणून मी कॉम्प्युटर आणायचं ठरवलं.

असं एका वाक्यात सांगितलं की डोकं फिरल्यासारखं वाटतं, तेव्हा नीट सांगते. आबा म्हणजे माझे वडील, रंगराव. एकतीस वर्षं त्यांनी ट्रेलर चालवला. चाकणच्या कंपन्यांमधून नव्या गाड्या भरायच्या आणि पार चेन्नईपर्यंत पोचवायच्या. साखरेनं उजवा डोळा गेला, डावा कामापुरता उरला, आणि मोठ्या गाडीचं लायसन्स पुढं वाढलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. औशाजवळच्या गावात घर आहे, पण घरात कोणी नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना मोशीला आमच्या फ्लॅटवर आणलं, त्याला आठ महिने झाले.

आता त्यांचं म्हणणं, लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं? माझा नवरा नवनाथ त्यांना दहादा म्हणाला, हे घर तुमचंच आहे. आबा मान हलवायचे आणि आपल्या पत्र्याच्या पेटीतल्या वस्तू पुन्हा लावायला घ्यायचे. बुधवारी अमावस्या होती. ती झाली की शुक्रवारी सकाळी आठच्या एसटीनं वल्लभनगर स्टँडवरून निघायचं, असं त्यांनी पक्कं केलं. मला भीती वाटत होती. एक डोळा, रोजचं इन्सुलिन आणि रिकामं घर. गावी भावकी आहे, पण भावकी इंजेक्शन द्यायला येत नाही.

कॉम्प्युटर डोक्यात आला तो सुजितमुळे. सुजित आमच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याच्या घरच्या सत्यनारायणाला आम्ही आबांना घेऊन गेलो होतो, तेव्हा ते त्याच्या खोलीत शिरले. तिथं ट्रक चालवायचा गेम होता आणि टेबलाला लावलेलं स्टेअरिंग. आबा तासभर बाहेर आले नाहीत, प्रसादालाही नाही. आले तेव्हा म्हणाले, ब्रेकचा अंदाज चुकीचा दिलाय, पण आरसे बरोबर आहेत. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले. मी ते लक्षात ठेवलं होतं.

तर ठरलं. साधा, परवडणारा, पण तो गेम चालेल असा कॉम्प्युटर. सुजितनं त्याचं जुनं स्टेअरिंग द्यायचं कबूल केलं, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं ते लिहून दिलं. खाली शेवटची ओळ होती, पॉवर सप्लाय, आणि तिच्यापुढं त्यानं लिहिलं होतं, 'बघून घे'.

बघून घे म्हणजे काय बघू? पॉवर सप्लाय म्हणजे घरची वीज घेऊन कॉम्प्युटरच्या एकेका भागाला हवी तशी वाटून देणारा डबा, एवढं मला कळत होतं. मी गरीब बिचारी नाही हो या बाबतीत. चाकणला गाडीचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं आहे, लाईन लीडर आहे. तारेची जाडी मला बोटानं कळते. पण हा डबा निवडताना माझी जी दशा झाली ती वैऱ्याची होऊ नये.

मी कागदावर बेरीज केली. कार्डाला एकशेवीस वॉट, प्रोसेसरला पासष्ट, बाकी किडूकमिडूक धरून अडीचशेच्या आत. म्हणजे तीनशेचा बास. सुजित म्हणाला, साडेसहाशे घे, पुढं मोठं कार्ड टाकायचं झालं तर? मी म्हटलं, आबा पासष्टचे आहेत, पुढं कुठलं कार्ड टाकतोस? नवनाथचा मावसभाऊ सुरेंद्र रावेतला राहतो, आयटीत आहे. तो म्हणाला, वॉट सोडा वहिनी, गोल्ड रेटिंग बघा. मी विचारलं, गोल्ड म्हणजे? तो म्हणाला, वीज कमी वाया जाते. किती कमी? तर म्हणे ते वापरावर आहे. लाईनवर ही गोष्ट फुटली आणि बायकांनी मला दिवसभर पिडलं, घे गं गोल्ड, नवऱ्यानं नाही घेतलं तर बापासाठी तरी घे.

मोबाईलवर व्हिडिओ बघितले तर आणखी घोळ. एकजण म्हणतो चारशे पन्नास भरपूर झाला. दुसरा म्हणतो चारशे पन्नास घेणारे पस्तावतात. तिसरा नुसता त्या दोघांना नावं ठेवतो. मोशीतला दुकानदार म्हणाला, ताई, कॅबिनेट घ्या, त्यात साडेचारशेचा सप्लाय फुकट बसवून येतो, कशाला ताप करता? आणि मला मधेच शंका आली की साडेपाचशेचा आणला तर तो सतत साडेपाचशे वॉट ओढत बसेल की काय? ही शंका मी कुणाला विचारली नाही. लाईन लीडरनं असं विचारायचं नसतं. कुठला घेऊ एवढंच नवनाथला विचारलं तर तो म्हणाला, तुझी ही अवस्था पाहून मला वाटतं आपण आबांना खरा ट्रकच घेऊन देऊ.

जेवताना घरात दुसरा विषय नव्हता. आबा समोर बसून भाकरी कुस्करायचे. कॉम्प्युटर कशासाठी ते मी त्यांना सांगितलं होतं. ते 'बरं' म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी पेटीला नवीन कुलूप आणलं होतं.

शेवटी सोमवारी सेकंड शिफ्टच्या आधी मी पिंपरीत बुद्धरत्नच्या दुकानात गेले. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, नवे-जुने भाग विकतो, आणि बोलायला कंजूष आहे. मी माझा कागद त्याच्यापुढं ठेवला आणि सरळ सांगितलं, भाऊ, मला काही कळत नाहीये. त्यानं कागद वाचलाच नाही. एक सप्लाय माझ्या डाव्या हातात दिला, दुसरा उजव्या. म्हणाला, सांगा.

डावा रिकाम्या डब्याइतका हलका होता. त्यावर चारशे पन्नास छापलेलं. उजव्यावर साडेपाचशे, आणि तो हाताला जड लागत होता. मी डाव्याच्या तारा चिमटीत धरून बघितल्या. आमच्याकडे केबिनच्या छोट्या दिव्याला टाकतो तेवढ्या बारीक. एवढ्या तारेतून कार्डाचा करंट न्यायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी उजवा वर केला. बुद्धरत्न म्हणाला, झालं की, कोण म्हणतं कळत नाही? आणि न विचारताच सांगितलं की सप्लाय लागेल तेवढंच ओढतो, छापलेलं सगळं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी घासाघीस करायची विसरले.

सप्लाय वापरलेला होता पण चांगला. त्याच्या केबल वेगळ्या निघायच्या, हव्या तेवढ्या लावायच्या. घरी येऊन बघते तर सगळ्या तारा काळ्या. लाल नाही, पिवळी नाही, एकजात काळ्या. आमच्या लाईनवर असं वायरिंग निघालं असतं तर क्वालिटीवाल्यांनी मला उभं जाळलं असतं. आणि एक केबल कमी होती, नेमकी डिस्कला जाणारी. गेम त्या डिस्कवर असतो. बुद्धरत्नला फोन केला, त्यानं उचलला नाही. सुजितला सांगितलं, तर तो म्हणाला माझ्या जुन्या सप्लायची पडली आहे, देतो. कंपनी वेगळी होती, पण तारा चांगल्या रंगीत होत्या. मला ती बघूनच धीर आला.

गुरुवारी आमची सुट्टी. अमावस्या उलटली होती आणि आबांचं तिकीट काढलेलं होतं. सकाळी चहा झाल्यावर मी हॉलमध्ये चटई टाकून सगळं जोडायला बसले. सुजितची केबल सप्लायच्या खाचेत टाकली, आणि ती खट्‌ करून बसली. इतकी नेमकी बसली की शंका घ्यायला जागा नव्हती.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कंपनीत पोका-योके नावाचं व्रत आहे. जपानी शब्द आहे. अर्थ असा की वस्तूच अशी बनवायची की माणसाला चूक करताच येऊ नये. दिव्याचा कनेक्टर हॉर्नच्या जागी बसतच नाही. खाच वेगळी, आकार वेगळा. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'चुकीचं बसणार नाही'. नवीन मुली आल्या की मी त्यांना पहिलं वाक्य हेच शिकवते, बसलं म्हणजे बरोबर, बसलं नाही तर जोर लावू नका. या पोका-योकेसाठी मला दोनदा बक्षीस मिळालंय, एकदा स्टीलचा डबा आणि एकदा भिंतीवरचं घड्याळ.

आबा खुर्चीत बसून बघत होते. मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि डिस्कमधून टिक्‌ असा आवाज आला. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास. मी धावत जाऊन बोर्डाचं बटण बंद केलं.

मला काहीच कळेना. वॉट बरोबर होते, वजन बरोबर होतं, तारा जाड होत्या, केबल बसली होती. मग जळलं का? मी तशीच चटईवर बसून राहिले. नवनाथ म्हणाला, जाऊ दे गं. त्यावर मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. आबांनी उठून खिडकी उघडली आणि पंखा लावला.

दुपारी डिस्क, सप्लाय आणि केबल पिशवीत घालून मी पुन्हा पिंपरी गाठली. बुद्धरत्ननं डिस्क हुंगली आणि बाजूला ठेवली. मग विचारलं, ही केबल कुठली? मी सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला.

"ताई, डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं. सप्लायकडच्या टोकाला कुठल्या भोकात किती व्होल्ट, ते प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले."

"पण ती बसली," मी म्हणाले.

"बसणारच. साचा सारखाच असतो."

साचा सारखा आणि वीज वेगळी? असं कोण करतं? कुठल्या शहाण्यानं केलं? अकरा वर्षं मी ज्या वाक्यावर पोट भरते ते वाक्य या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं का? मला संताप आला, आणि संतापाच्या खाली लाज. बुद्धरत्ननं अडगळीच्या खोक्यातून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची केबल शोधून दिली आणि एक जुनी डिस्क दिली. बाकी सगळं वाचलं, असं म्हणाला. मला मात्र आता नव्या केबलवरही विश्वास ठेवावा की नाही ते कळत नव्हतं. तीही बसणारच होती.

घरी आले तेव्हा पाच वाजले होते. आबांची पेटी दाराशी येऊन बसली होती, तिच्यावर घडी केलेलं धोतर आणि पाण्याची बाटली. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. सांगावंसं वाटलं म्हणून नाही, तर दुसरं काही करायला सुचत नव्हतं म्हणून. केबल बसली, तरी चुकीची होती. एवढं बोलून मी थांबले.

आबा हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, खांदे हलेपर्यंत हसले.

मला वाटलं माझ्यावरच हसतायत आणि मी भडकणार होते. पण ते सांगायला लागले. ट्रकच्या मागे ट्रेलर जोडला की सात पिनांचा एक प्लग लावतात, पुढच्या गाडीची वीज मागच्या दिव्यांना जावी म्हणून. प्लग सगळ्यांचे सारखे, कुठलाही कुठंही बसतो. पण ट्रेलर बनवणारा तारा आपल्या मनानं जोडतो. एकदा चाकणच्या यार्डातून त्यांनी नवा ट्रेलर लावला, प्लग बसला, निघाले. घाटात ब्रेक दाबत-सोडत उतरताना मागे डाव्या हाताचा दिवा उघडमीट करायचा. मागच्या टेम्पोवाल्याला वाटलं गाडी डावीकडे वळतेय, तो उजवीकडून पुढं घुसला आणि थोडक्यात वाचला. तेव्हापासून आबांनी दिवा तपासल्याशिवाय एकही ट्रेलर हलवला नाही.

"प्लग बसवणं हे प्लगवाल्याचं काम," ते म्हणाले. "कोणता दिवा लागायलाय ते बघणं डायव्हरचं काम. बसतंय म्हणून बरोबर असतंय व्हय?"

"मग सकाळी सांगायचं नाही का, आबा? तुम्ही समोरच बसला होतात."

त्यांनी पेटीवरची बाटली सरळ ठेवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला इचारलीस का?"

त्यांनी बोटं मोजायला घेतली.

"त्या सुजितला इचारलीस. जावयाच्या भावाला इचारलीस. दुकानवाल्याला, मोबाईलला इचारलीस. पंधरा दिवस ताटापुढं माझ्याच गाडीचं बोलणं चाललंय, आन्‌ मी भाकरी खायलोय. इथं मला आठ महिन्यांत कुणी काय इचारलं? गोळी घेतली का, आन्‌ जेवला का."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक म्हणतात तेव्हा मी हसते. तेव्हा हसू आलं नाही. मला रडू आलं आणि मी रडले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तो माणूस त्या खटाटोपात कुठंच नव्हता. लेकीचं घर वगैरे बोलायच्या गोष्टी होत्या. त्यांना इथं काही काम नव्हतं, आणि काम नसलेल्या जागी आबा थांबत नाहीत. ट्रेलर खाली झाला की ते यार्डात कधी रेंगाळायचे नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"मग आता विचारते," मी डोळे पुसून म्हणाले. "ही नवी केबल लावू का नको?"

आबा उठले. धोतर आणि बाटली बाजूला ठेवून त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. कपडे बाहेर काढले, आईचा फोटो काढला, इन्सुलिनची पिशवी काढली. अगदी तळातून एक दिवा निघाला. होल्डरमध्ये बसवलेला ट्रकचा छोटा बल्ब, त्याला दोन तारा आणि तारांना चिमटे. टेस्ट लॅम्प. गाडी सुटली तरी तो त्यांनी सोडला नव्हता.

एकटा सप्लाय कसा चालू करायचा ते बुद्धरत्ननं दाखवलं होतं, तो मी चालू केला. डिस्क अजून लावली नव्हती. आबांनी केबलच्या मोकळ्या टोकाला चिमटे लावले, आणि मग थांबले. बल्ब चोवीस व्होल्टचा होता. बारा व्होल्टवर तो मंद लागणार आणि पाचवर नुसती तार लाल होणार. तेवढा उजेड त्यांना दिसत नव्हता.

"तू सांग," ते म्हणाले. "मी लावतो, तू सांग."

मी बल्बावर हाताचा आडोसा केला.

"लागला?"

"लागला. मंद."

"हे बारा झाले. आता?"

"नुसती तार लाल झालीय."

"हे पाच. आता सुजितचं वायर लाव बरं, बघू त्यात काय व्हायलंय."

सुजितच्या केबलमध्ये त्याच पाचच्या जागी बल्ब बाराइतका लागला. आबांनी समाधानानं मान हलवली आणि ती केबल स्वतःच्या हातानं गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग पुन्हा पहिली लावून त्यांनी सगळं परत एकदा तपासायला लावलं, आणि नंतर आणखी एकदा. नवनाथ दोन वेळा चहा करून आला. डिस्क लावून बटण दाबलं तेव्हा पडद्यावर अक्षरं आली आणि कसलाही वास आला नाही. सुजितचं स्टेअरिंग टेबलाला घट्ट केलं आणि गेम उतरवायला लावून आम्ही जेवलो. पेटी दाराशी तशीच उघडी होती. मी तिच्याबद्दल विचारलं नाही, आणि आबा काही बोलले नाहीत.

शुक्रवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती. सहाची बस पकडायला निघाले तेव्हा आबा झोपेत होते की झोपेचं सोंग घेऊन होते, ते मला कळलं नाही. नवनाथही साडेसातला निघणार होता. म्हणजे आठच्या एसटीला जायचं तर आबा एकटे रिक्षानं जाणार. लाईनवर माझं लक्ष लागेना. एका मुलीनं नवीन कनेक्टर बसवून दाखवला आणि म्हणाली, बसला ताई. मी तिला म्हटलं, तपासून सांग. ती माझ्याकडे बघत राहिली.

साडेनऊच्या चहाला मी आबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. आठची गाडी एव्हाना सोलापूर रस्त्याला लागली असणार, एसटीच्या आवाजात त्यांना रिंग ऐकू येत नसणार. गेले, मी मनात म्हटलं. तिसऱ्यांदा लावला आणि ठेवला. चहा तसाच टाकून मी लाईनवर आले.

अकराला आबांचा फोन आला. सुपरवायझरकडे पाठ करून मी उचलला आणि विचारलं, कुठं आहात?

"गाडी चालवताना फोन करत जाऊ नको," आबा रागानं म्हणाले. "एकतीस वर्षं सांगायलोय तुम्हाला. आता थांबवून कडेला लावलीय, बोल."

त्यांनीच पुढं सांगितलं की ब्रेकचा अंदाज अजून चुकीचाच आहे, तो कसा सुधारायचा ते कुणाला माहीत असेल तर विचारून ये. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.